पूर्व भागातला पियानो

पेटीवर वाढलेल्या कानाला पियानोत सगळ्यात आधी जाणवतं ते सुराचं विझणं. पेटीचा भाता चालू आहे तोवर षड्ज उभा असतो. पियानोची पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आपटते, लगेच मागे येते, आणि त्या क्षणापासून सूर ओसरायला लागतो. डाव्या टोकाच्या, तांब्याची तार गुंडाळलेल्या जाड तारा बराच वेळ घुमतात. उजव्या टोकाचा सूर उमटला म्हणेपर्यंत संपलेला असतो. माझे बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. दोन कडव्यांच्या मध्ये सगळे थांबले तरी त्यांचा षड्ज-पंचम सुटायचा नाही. तो अखंड सूर ऐकत मी मोठी झाले. त्यामुळे पियानोसाठी आपण काही बांधावं असं मनात आलं, तेव्हा पुढ्यात पहिला प्रश्न हाच होता: विझणाऱ्या सुरांनी लांब ओळ म्हणायची कशी?

हा पेच वाद्याच्या जन्मापासूनचा आहे. फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमिओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास हातोडीचं वाद्य केलं, ते हळू आणि जोरात दोन्ही वाजवता यावं म्हणून. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जायची. बोट कसंही ठेवा, आवाज जवळपास तेवढाच. हातोडी आली आणि बोटाचं वजन सुरात उतरलं. विझणं मात्र राहिलं. आपल्याकडे संतूरलाही हीच अडचण होती. पंडित शिवकुमार शर्मांनी कलमांच्या हलक्या, दाट आघातांतून तिच्यावर वाट काढली. पियानोवर तसे आघात मला रुचत नाहीत, ओळ फार अस्वस्थ होते. मला सापडलेली वाट साधी आहे. मागचा सूर ओसरत ओसरत जिथे आला आहे, तेवढ्याच वजनाने पुढचा सूर लावायचा. मग कानाला दोन्हींतला सांधा कळत नाही. हे बोटांनी साधायला वेळ लागतो. संगणकावर तेच आकड्यांत दिसतं, आणि माझ्यासारखीला तो मोठा आधार आहे.

मी पियानो कोणाकडे शिकले नाही. दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते, रात्री आणि पहाटे हे काम करते. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या आतल्या गल्लीत आमचं घर आहे आणि त्यातली दहा बाय बाराची खोली माझी. टेबलावर ८८ पट्ट्यांचा जुना डिजिटल पियानो, त्यातून लॅपटॉपला गेलेली केबल, लॅपटॉपमध्ये रीपर हे संगीत मुद्रित करायचं सॉफ्टवेअर, आणि त्यात बसवलेला सॅलमँडर ग्रँड. हा पियानो म्हणजे यामाहा सी-५ या खऱ्या ग्रँड पियानोची ध्वनिमुद्रणं. प्रत्येक टिपलेला सूर हळू ते जोरात अशा १६ पायऱ्यांत मुद्रित केलेला आहे, आणि सगळं फुकट मिळतं. सोलापुरात बसून ग्रँड पियानोच्या तारा कानात वाजाव्यात ही गोष्ट माझ्या आजीला सांगितली असती तर तिने देवापुढे साखर ठेवली असती.

केबलमधून आवाज जात नाही, हे नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी समजून घ्यावं. जातात ते आकडे: कोणती पट्टी, कधी दाबली, किती जोरात, कधी सोडली. मिडी नावाची ही पद्धत १९८३ पासून चालू आहे आणि तिच्यात पट्टीचा जोर १ ते १२७ मध्ये मोजतात. आकडे आत गेल्यावर लॅपटॉप आवाज काढतो, आणि त्याला लागणारा वेळ बोटाला जाणवतो. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, ५१२ नमुन्यांचा ठेवला की साधारण १२ मिलिसेकंद त्यातच जातात, २५६ ला ६. वाजवताना बफर लहान ठेवायचा, मिक्स करताना, म्हणजे मुद्रित आवाजांचा तोल बसवताना, मोठा. एवढं पुरे, यात फार रमू नये.

रमण्याची जागा वेगळीच आहे. पियानोवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या घोळक्यांनी, सप्तकात पाच अशा येतात आणि नुसत्या त्यांच्यावर हात ठेवला तरी चूक सूर लागत नाही. पेटीवाल्यांच्या भाषेत काळी तीनला, म्हणजे तीनच्या घोळक्यातल्या पहिलीला, षड्ज माना आणि तिथून पुढच्या काळ्या वाजवा: सा रे ग प ध. भूपाचे सूर. त्याच पट्ट्या, पण षड्ज काळी एकवर न्या: सा रे म प ध, दुर्गा. काळी पाचवर नेला की गंधार, धैवत, निषाद कोमल होतात, सा ग म ध नी, मालकंस. काळी चारवरून मधमाद सारंग, काळी दोनवरून धानी. बोटं जागची हलत नाहीत, फक्त घर कोणतं मानायचं ते बदलतं. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात आणि गायक क्षणभर तिची चुणूक दाखवून मूळ षड्जावर परततात. पियानोवर डावा हात हे काम उघडपणे करू शकतो. उजवा हात तीच ओळ म्हणत राहतो, डाव्याने खालचा सूर काळी एकवरून काळी पाचवर नेला की सकाळची रात्र झाल्यासारखं वाटतं. मला या एका गोष्टीने इतकं धरून ठेवलं आहे की माझ्या बहुतेक रचना पाच काळ्यांतच आहेत.

अर्थात सूर म्हणजे राग नव्हे. भूप आणि देशकार यांचे सूर तेच. भूप गंधारावर विसावतो, देशकार धैवतावर. म्हणून मी रचनेला रागाचं नाव देत नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पियानोवर नाही, आणि ज्या वाद्यावर मींड नाही त्याने रागाचा दावा करू नये असं मला मनापासून वाटतं. पेटीवर याच कारणांनी टीका झाली. दोन सुरांमधली जागा नाही, आणि जे सूर आहेत ते समान वाटणीचे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंदी केली आणि ती १९७१ पर्यंत पूर्णपणे राहिली. बाबा या बंदीबद्दल फार दुखावून बोलायचे. मला मात्र टीकेतला कानाचा भाग पटतो. तानपुऱ्याच्या खरजातून आपोआप जो गंधार ऐकू येतो, तो षड्जापासून ३८६ सेंटांवर असतो; शेजारच्या दोन पट्ट्यांत असे शंभर सेंट. पियानोचा ४०० वर. चौदा सेंट कागदावर काहीच नाहीत, पण तानपुरा लावून त्यावर पियानोचा शुद्ध गंधार धरला की दोन्ही एकमेकांना खरवडतात. म्हणून मी पियानोखाली तानपुरा कधी घालत नाही, कितीही गोड वाटला तरी. आधाराचा सूर पियानोनेच द्यावा, डाव्या हाताने, पुन्हा पुन्हा.

आणि डाव्या हातापाशीच मिक्सिंग सुरू होतं. पुष्कळ जण समजतात की आधी रचना, मग मुद्रण, मग मिक्सिंग, अशा तीन खोल्या आहेत. घरात एकटीने काम करताना मला दिसलं की भिंतीच नाहीत. आवाज मळकट वाटला की लोक ईक्यू, म्हणजे आवाजातला हवा तो भाग कमी-जास्त करायचं साधन, उघडतात आणि २०० ते ४०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांचा, भाग कापतात. तो उपाय खरा आहे. पण आधी हात कुठे आहे ते बघावं. मध्यसप्तकातली पांढरी एक २६१ हर्ट्झच्या आसपास, पांढरी तीन ३३० च्या. मध्ये जवळजवळ सत्तर कंपनांचं अंतर, म्हणून ही जोडी गोड लागते. तीच जोडी दोन सप्तकं खाली न्या: ६५ आणि ८२. अंतर सतराच उरतं आणि कान दोन सूर वेगळे काढू शकत नाही, नुसती घरघर ऐकू येते. कोणताही ईक्यू ही घरघर काढू शकत नाही, कारण ती त्या दोन सुरांचीच आहे. पांढरी तीन एक सप्तक वर उचलली की डावा हात पसरतो, खाली हवा खेळते, आणि मिक्स स्वच्छ होतो. एकही प्लगिन न लावता. हे समजलं त्या दिवसापासून मी मिक्सिंगला रचनाच मानते. काय कुठे वाजवायचं आणि काय वाजवायचंच नाही, हे ठरवणं दोन्हीकडे एकच आहे.

पेडलचंही तसंच. उजवं पेडल दाबलं की सगळ्या तारांवरचे दाब उठतात आणि न वाजवलेल्या ताराही वाजलेल्या सुराला साथ देऊ लागतात. पियानोचा अर्धा जीव तिथे आहे. पण डाव्या हाताने घर बदललं आणि पेडल तसंच राहिलं, तर दुर्गा आणि मालकंस एकमेकांत कालवले जातात. लोक मग रिव्हर्ब, म्हणजे वरून लावलेला कृत्रिम पडसाद, जास्त झाला म्हणून तो कमी करत बसतात. पडद्यावर पेडलची रेघ खाली सुरांखालून जाते. तिचं टोक एका सुराआधी सरकवलं की बास.

खोलीबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण घरी काम करणाऱ्याचा खरा झगडा तिथे आहे. माझ्या खोलीची रुंदी दहा फूट. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लाटेची अर्धी लांबी नेमकी बसते ती लाट तिथे अडकते आणि फुगते. दहा फुटांना ही लाट ५६ हर्ट्झच्या आसपास येते. पियानोची खालून दुसरी पांढरी सहा ५५ ची. म्हणजे माझ्या खोलीला स्वतःचा एक सूर आहे. भिंतीला टेकून ऐकलं की तो सूर छातीवर येतो, खोलीच्या मधोमध खुर्ची ठेवली की गायबच होतो. फाइल तीच, स्पीकर तेच. या सुराचा आवाज किती ठेवायचा हे मी हेडफोनवरच ठरवते, स्पीकरवर नाही. तुमच्या खोलीचा सूर वेगळा असेल. सेकंदाला साधारण ३४३ मीटर हा ध्वनीचा वेग आणि भिंतींमधलं अंतर, एवढ्यावर तो काढता येतो. फीत घेऊन मोजा, उपयोग होईल.

भिंतींवर मी चादरी टांगल्या आहेत. सोलापुरात आणखी काय टांगणार! मोर आणि वेलबुट्टीच्या जाड चादरी, दुहेरी घडी घालून, भिंतीपासून वीतभर पुढे आडव्या काठीवर. अंतर महत्त्वाचं आहे. भिंतीला चिकटलेलं कापड फक्त वरची चमक खातं, पुढे आणलेलं कापड थोडं आणखी खालचंही शोषतं. टाळी वाजवली की पूर्वी टण्ण असा पडसाद यायचा तो गेला. खालच्या ५५ ला मात्र चादर काहीच करत नाही. त्याला जाडी लागते, हातभर तरी. कोपऱ्यात गाद्यांची उतरंड ठेवून थोडा फरक पडला.

मग शहराचे आवाज. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीसवर गेला की पंखा बंद करून बसणं शक्य नाही, आणि पंख्याचा घूं आवाज सुराचं शेपूट झाकतो. पंख्याखाली बसून रिव्हर्ब लावला की तो हमखास जास्त लागतो, कारण झाकलेलं शेपूट ऐकू यावं म्हणून हात आपोआप वाढवत जातो. उन्हाळ्यात म्हणून मी रिव्हर्बला हात फक्त पहाटे लावते. नळाला पाणी आलं की गल्लीत सगळ्या मोटारी सुरू होतात. वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्यांचं गुणगुणणं १०० च्या आसपास, पांढरी पाचच्या किंचित वर. त्या वेळात डाव्या हाताचं काही ठरवू नये. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत तर मी लॅपटॉप उघडतच नाही. नंदीध्वज निघाले की घरात बसायचं कशाला.

रिव्हर्बविषयी एकच सांगते. त्याला प्रीडिले द्या, वीस-तीस मिलिसेकंद. वीस मिलिसेकंदांत ध्वनी सात मीटरच्या जवळपास जातो. तेवढ्या उशिराने पडसाद आला की कानाला भिंत लांब वाटते, आणि हातोडीचा पहिला स्पर्श कोरडा, जवळचा राहतो. आवाजातले चढउतार दाबणारा कंप्रेसर पियानोला मी जवळजवळ वापरत नाही. हळू आणि जोरात यांच्यासाठीच हे वाद्य झालं, ते सपाट करून काय मिळवायचं? गाणी ऐकवणारे मोठे मंच सगळ्यांचा आवाज साधारण उणे चौदा एलयूएफएसला (आवाज एकूण किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आणतात, त्यामुळे मोठ्याने ओरडणाऱ्याला तिथे काही फायदा उरलेला नाही.

माझी धाकटी बहीण पुण्याला असते आणि सगळं फोनवर ऐकते. फोनचा स्पीकर इतका चिमुकला की खालचे सूर तो काढूच शकत नाही. तरी तिला डावा हात ऐकू येतो. ६५ चा सूर म्हणजे एकटा ६५ नसतो, त्याच्याबरोबर १३०, १९५, २६० अशी वरची पिलावळ असते. वरचे सूर ऐकू आले की मेंदू खालचा मूळ सूर स्वतः भरून काढतो. म्हणून फोनसाठी बास वाढवणं व्यर्थ आहे. डावा हात किंचित उजळ वाजवा, वरचे सूर जास्त निघतील, आणि मूळ सूर ऐकणाऱ्याच्या डोक्यात वाजेल.

आता शेजारच्या मागावरच्या कार्डांबद्दल. आमच्या भिंतीपलीकडे अण्णांचा कारखाना आहे. तेलुगू बोलणारं विणकर घर, आमच्या तीन पिढ्यांचा शेजार. त्यांच्या चादरीच्या मागावर जॅकार्ड बसवलेलं आहे. वर पुठ्ठ्याच्या कार्डांची दोऱ्यांनी ओवलेली माळ फिरते. कार्डाला भोकं. जिथे भोक आहे तिथला हूक उचलला जातो आणि त्याचे उभे धागे वर येतात, जिथे नाही तिथले खाली राहतात, मधून धोटा जातो. एक कार्ड, एक आडवा धागा. जोझेफ मारी जॅकार्डने फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास हे यंत्र आकाराला आणलं. पुढे त्याच शतकाच्या अखेरीला आपोआप वाजणारे पियानो आले, तेही भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर: भोक आलं की पट्टी पडते. आणि रीपरमध्ये मी रोज जो तक्ता उघडते, डावीकडे पट्ट्या, उजवीकडे काळ, मध्ये आडव्या चिपा, तो त्या गुंडाळीचाच पडद्यावरचा अवतार आहे. मी लहानपणी भोकांची कार्डं हातात घेऊन खेळले आहे. म्हणून तो तक्ता मला पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला.

कॉनलन नॅनकॅरो नावाचा एक संगीतकार, १९१२ ते १९९७. जन्म अमेरिकेचा, पुढचं आयुष्य मेक्सिको सिटीत. वाजवणाऱ्यांच्या हातांना झेपणार नाहीत अशा लयी त्याच्या डोक्यात होत्या, म्हणून तो वर्षानुवर्षं एकटा बसून कागदाच्या गुंडाळीवर स्वतः भोकं पाडत राहिला. काही मिनिटांच्या संगीतासाठी महिनोन्‌महिने. त्याच्याबद्दल वाचलं तेव्हा मला धीर आला. घरात, एकटीने, हाताने वाजवता न येणारं काही तक्त्यावर मांडणं म्हणजे फसवणूक नव्हे. ती संगीताची एक रीतच आहे.

सध्या मी जे करते आहे ते अण्णांच्या मागांवरून सुचलं. रात्री दोन माग चालू असतात. त्यांचे ठोके आधी एकत्र पडतात, मग हळूहळू सुटे होतात, एकमेकांच्या मध्ये पडायला लागतात, आणि परत जुळतात. घड्याळ लावून मोजलं: एकाचे मिनिटाला १०८, दुसऱ्याचे १०२. फरक सहाचा, म्हणजे दर दहा सेकंदांनी भेट. दहा सेकंदांत एक अठरा ठोके मारतो, दुसरा सतरा. मी तक्त्यावर उजव्या हाताला अठरा समान सूर दिले, डाव्याला तेवढ्याच लांबीत सतरा. माझ्या हातांनी हे वाजणार नाही, तक्त्यावर मात्र ते सहज बसलं. सूर पाच काळ्याच. आणि दर भेटीच्या क्षणी डाव्याचं घर बदलतं: काळी एक, मग काळी पाच, परत काळी एक. ठोके जुळतात तेव्हाच दुर्गाचा मालकंस होतो. ऐकताना अंगावर काटा येतो, निदान माझ्या.

गेल्या रविवारी अण्णांना बोलावून हेडफोन दिला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, हेडफोन काढला आणि म्हणाले, "माग आहे खरं. पण जातानाचं नि येतानाचं एकसारखं कसं वाजतंय, पोरी? धोटा इकडनं मारला की एक आवाज, तिकडनं मारला की दुसरा असतंय की."

पन्नास वर्षं त्यांनी तो आवाज ऐकला आहे. धागा तुटला की पाठमोरे असले तरी त्यांना कळतं. मी त्यांच्याबरोबर कारखान्यात गेले, एका मागापाशी उभी राहिले, आणि खरंच, डावीकडचा मार भरीव होता, उजवीकडचा जरा पोकळ. दोन्हींतलं अंतरही सारखं नव्हतं, पोकळ ठोका किंचित आधी यायचा. घरी येऊन उजव्या हाताच्या विषम सुरांचा जोर ८४ वर ठेवला, सम सुरांचा ७१ वर, आणि सम सूर आठ मिलिसेकंद आधी ओढले. डाव्या हातात हे प्रमाण वेगळं लागणार, कारण दुसरा माग जुना आहे. तो ऐकायला उद्या संध्याकाळी पाळी बदलायच्या आधी जायचं ठरलं आहे.